तू न घासलेल्या सहा पट्ट्या

बाबा,

आपल्या होडीला तळाशी तीन भोकं होती आणि घरात माणसं चार. वाटणी सोपी होती. वल्ह्यावर तू, मोठ्या भोकापाशी दादा, मधल्या भोकापाशी मी. आई बाजारात सुकी मासळी विकायला गेलेली असायची, म्हणून तिसरं भोक कापूस आणि राळेच्या भरवशावर. माझ्या हातात वनस्पती तुपाचा डबा. पाणी आत येईल तसं बाहेर टाकायचं. शाळेत बाई विचारायच्या, "काल का आली नाहीस?" मी खरं सांगायचे, "बाई, माझं भोक मोठं झालं होतं." अख्खा वर्ग हसायचा. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला तेव्हा कळायचं नाही.

घरात धड असा एकच कप होता, पाव्हण्यांचा. चिनी मातीचा, कडेला निळी रेघ. बाकीच्यांना कान नव्हते. तो पाव्हण्यांचा कप मी चौथीत असताना फोडला, आणि त्या दिवशी आईने मला जे धुतलं त्याची आठवण मी नोकरीच्या मुलाखतीतही काढली होती. "काच आणि सिरॅमिकचा काही पूर्वानुभव?" असं त्यांनी विचारलं तेव्हा.

मग एका पावसाळ्याआधी होडीचा तळच गेला. तू तिच्या फळ्या सुट्या केल्यास, चांगली एक सागवानी फळी पडवीत आढ्याला बांधून ठेवलीस, बाकीची चुलीत घातलीस आणि दुसऱ्यांच्या होड्यांवर खलाशी म्हणून जायला लागलास. बोलला काहीच नाहीस. फक्त ती फळी कुणाला काढू दिली नाहीस. आईने एकदा तिच्यावर बोंबील वाळत घातले तर दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हतास.

मी शिकले ते तुझ्या मते होडी नसल्यामुळे. "उपसायला पानी न्हाय, मंग करील काय पोर? बसली वाचत." वाडीतली पहिली पदवीधर मी. हे मी कुठेही, कुणालाही, न विचारता सांगते, आणि इथेही सांगते. तुला मात्र अडचण पदवीची नव्हती, नोकरीची होती. लोकांना सांगायचं काय? आजूबाजूच्या गावांतल्या पोरी बँकेत, दवाखान्यात, शाळेत. तुझी पोर पनवेलकडच्या एका प्रयोगशाळेत, काच, सिरॅमिक आणि फायबरच्या वस्तू किती ताकदीच्या, किती वर्षं टिकतील ते तपासते. तू धक्क्यावर उभा राहून याचं एका वाक्यात भाषांतर केलंस.

"माझी पोर वस्तू मोडते. पगार मिलतो."

आई म्हणाली होती, "आन घरी कप फोडला तवा मी हिला मारली! तवाच पगार मागायला पायजे व्हता."

बाबा, आपलं भांडण फायबरच्या होडीवरून सुरू झालं. ते अजून मिटलेलं नाही, हे मी इथे लिहून ठेवते. मला पहिली पगारवाढ मिळाली आणि मी म्हटलं, आता स्वतःची होडी घे, फायबरची. कुजत नाही, किडत नाही, कापूस नको, राळ नको. तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी तुला गाढवावर बसायला सांगितलंय.

"मी बादलीत बसून समुद्रात जानार न्हाय."

"बाबा, ती बादली नाही. काचेच्या तंतूंचं कापड आणि रेझिन..."

"काच? वर आनि काचेची बादली?"

आईने भाकरी थापता थापता तोंड घातलं, "जाऊ दे गो. त्याला भोकाबिगर करमायचं न्हाय."

नेमकं त्याच दिवसांत कुलकर्णी मॅडमनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, मला माझं पहिलं स्वतंत्र काम दिलं. फायबरच्या होड्यांसाठी नवीन रेझिन, म्हणजे काचेचे तंतू एकत्र चिकटवणारा द्रव, आलं होतं. ते खाऱ्या पाण्यात किती टिकतं ते बघायचं. टाकीत मीठ कालवून चाचणी होते, पण मॅडमना खरा समुद्र हवा होता. विभागातली बाकीची मुलं मोठ्या शहरातली, फाडफाड इंग्रजीतली. त्यांच्यातल्या एकाकडेही स्वतःचा समुद्र नव्हता. मी हात वर केला. "मॅडम, माझा आहे."

त्या रेझिनच्या चोवीस पट्ट्या. प्रत्येक वीतभर लांब, दोन बोटं रुंद, प्रत्येकीवर नंबर. एका लोखंडी चौकटीत बसवून आपल्या धक्क्याखाली टांगायच्या, एरवी पाण्यात आणि अमावास्या-पुनवेच्या मोठ्या ओहोटीला तेवढ्या उघड्या पडतील अशा. सहा महिन्यांनी निम्म्या काढायच्या, वर्षाने उरलेल्या. काढून मोडायच्या. हे काम नीट झालं तर मी विभागात टिकणार होते, नाही तर मीठ कालवणाऱ्यांत जाणार होते. तुला मी हे सगळं समजावलं होतं. मॅडमनी तुला ओळखपत्रही करून दिलं, फोटोसकट, गळ्यात अडकवायच्या दोरीसकट. त्यावर लिहिलं होतं, 'नमुने देखरेख'. ते घालून तू मुरुडच्या मासळी बाजारात गेलास. एसटीच्या वाहकाला दाखवून सवलत मिळते का तेही विचारून आलास.

आणि मी तुला एकच सूचना दिली होती. "बाबा, फक्त लक्ष ठेव. कुणी चोरून नेऊ नये, एवढंच."

चूक माझीही होती. 'हात लावू नको' असं मी म्हटलंच नाही. पाण्यात टांगलेल्या पट्टीला कुणी हात कशाला लावेल, असं वाटलं. मी विसरले की मी कुणाला सांगतेय. पाण्यातल्या वस्तूवर शेवाळ चढलेलं, कालवं बसलेली दिसली की ज्याच्या हाताला खाज सुटते, अशा माणसाला मी चोवीस पट्ट्या दिल्या होत्या.

फोनवर मी दर आठवड्याला विचारायचे, "पट्ट्या कशा आहेत?"

"एकदम चकाचक."

मी हसायचे. वाटायचं, तुझं ते नेहमीचं बोलणं. आईला विचारलं तर ती म्हणायची, "माझी भांडी घासायची तर त्याचा हात दुखतो." यातूनही मला कळलं नाही. पदवीधर ना मी.

सहा महिने झाले. मॅडम स्वतः आल्या, शहरातली दोन मुलं घेऊन. तू धुतलेला शर्ट, गळ्यात ओळखपत्र. दादाने आणि तू मिळून चौकट वर ओढली. आणि बाबा, सहा महिने समुद्रात राहिलेल्या त्या पट्ट्या आरशासारख्या चमकत होत्या. वरून मुशी माशाच्या तेलाचा वास. असा वास, की त्या शहरी मुलांतला एक धक्क्याच्या कडेला जाऊन उभा राहिला तो परत आलाच नाही.

"बाबा, हे काय?"

"घासल्या," तू म्हणालास. "दर अमावशेला आनि पुनवेला. कोयत्यानं. वरतून तेल दिला. घान साचली व्हती गो. तुझी मॅडम येनार, आनि तिला असं घानेरडं दाखवायचं? म्हनतील, हिच्या बापाला चार पट्ट्या राखता येत न्हाय."

ती मुलं लांबूनच एकमेकांकडे बघत होती. मला त्यांच्या डोळ्यांत परत तोच वर्ग दिसला, भोक मोठं झालं म्हटल्यावर हसणारा. आणि मी तुझ्यावर ओरडले. सगळ्यांसमोर, धक्क्यावर. "तुला काही कळत नाही! कळत नाही तर हात कशाला लावतोस?"

तू गळ्यातलं ओळखपत्र काढलंस, दोरी नीट गुंडाळलीस, मॅडमच्या हातात दिलंस. मग खाली मान घालून म्हणालास, "सहा राहिल्यात, मॅडम. पलीकडच्या बाजूच्या. उजवा खांदा वर व्हत न्हाय, तिथवर हात पोचला न्हाय. पुढल्या अमावशेला पोराला घेऊन करतो."

"नका करू!" मॅडम एवढ्या जोरात ओरडल्या की धक्क्यावरचे बगळे उडाले.

तुझा खांदा वर होत नाही, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आईलाही नाही. चाळीस वर्षं जाळी ओढून तो गेला होता, आणि तू ते सांगितलंस कधी, तर काम अपुरं राहिलं याची माफी मागताना.

मॅडमनी चौकट फिरवली. पलीकडे सहा पट्ट्या, कालवं आणि शेवाळाने मढलेल्या. अलीकडे अठरा, चकाचक. त्या मला म्हणाल्या, "तुमच्या वडिलांनी केलं ते इथला प्रत्येक माणूस करणार. होडी वर ओढली की कोयता घेऊन घासणार. आणि आपण चाचणी आखताना हे धरलंच नाही." मग तुझ्याकडे वळून, "बाबा, किती वेळा घासल्यात? आठवतंय?"

तुला सगळं आठवत होतं. कुठल्या ओहोटीला, किती, कुठल्या बाजूने आधी, तेलाचा हात कधी. वादळामुळे एक पुनव चुकली तीही. जवळ उरलेल्या मुलाने ते सगळं उभ्या उभ्या उतरवून घेतलं. मॅडमनी ओळखपत्र तुझ्या गळ्यात परत घातलं. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मी तुझ्याकडे बघितलं नाही. त्या दिवशी आईने केलेलं बोंबलाचं कालवण मॅडमनी तीन वेळा घेतलं आणि आपण दोघं पोटात दुखतंय म्हणून उठलो.

पंधरा दिवसांनी मॅडमनी तुला मोडणी बघायला बोलावलं. ओळखपत्र घालून दादाच्या टेम्पोतून आलास. आधी मी तुला फिरवून दाखवलं, कारण दुसरं काय बोलावं ते सुचत नव्हतं. एका टेबलावर फरशीवर पोलादी गोळा सोडत होते. पुढे कडक केलेली काच फोडली, तिचा क्षणात खडीसाखरेसारखा चुरा झाला. तू एक दाणा उचलून बघितलास. "हात कापत न्हाय?" "नाही. तशीच बनवलेली असते. फुटली तरी माणसाला लागू नये." तू मान हलवलीस आणि म्हणालास, "मंग पाव्हन्यांचा कप असला का न्हाय घेतला आपन?" तेव्हा मी पहिल्यांदा हसले. तू पण.

मग पट्ट्या. दोन टेकूंवर पट्टी आडवी ठेवतात आणि वरून मधोमध दाब देतात, मोडेपर्यंत. तू लगेच ओळखलंस. "म्हंजे तुझी आय होडीच्या फलीवर बसते तसं." (हे मी आईला सांगितलं नव्हतं. आता ती वाचेल. तुझं तू बघ.) पट्टी वाकली, वाकली आणि फाडकन मोडली, तर तू खालीच बसलास. उठून म्हणालास, "दर येलेला असा आवाज येतो? आनि तू हितं जेवतेस?"

पाच मोडल्यावर तू माझा हात धरलास. "एक सांग. जी मोडून बघितली ती वापरता येत न्हाय. जी वापरायची ती मोडून बघितलेली न्हाय. मंग तुला कलतं कसं?"

"एकाच रेझिनच्या, एकाच दिवशी केलेल्या असतात. पाच मोडल्या की सहावीचा अंदाज येतो."

"तू आनि दादा एकाच घरातली. दादाला बघून तुझा अंदाज आला असता?"

याला उत्तर आहे, बाबा. पुस्तकात आहे, आकडेमोडीसकट. पण दादा बाहेर टेम्पो लावून झोपला होता.

निकाल मात्र स्पष्ट लागला. कोयत्याने घासलेल्या पट्ट्या लवकर मोडल्या. लोखंडाने वरचा गुळगुळीत थर ओरखडला गेला होता, त्या ओरखड्यांतून पाणी आत शिरलं होतं. तुझा हात न पोचलेल्या सहातल्या तीन मोडून बघितल्या, त्या घाणेरड्या पट्ट्या सगळ्यात ताकदीच्या निघाल्या. आणि मुशीच्या तेलाचा काडीचाही उपयोग झाला नव्हता. हे सांगताना मी अंमळ जास्तच खूश होते.

तू विचार केलास. "म्हंजे हे माझ्यामुलं कललं."

"तुझ्या चुकीमुळे."

"चूक म्हन. पन माझ्यामुलं म्हन."

मॅडम म्हणाल्या, "तुमच्यामुळेच." तू माझ्याकडे असं बघितलंस की मी पुढे महिनाभर तोंड वर काढलं नाही.

पण होडी घासायची तर लागतेच, नाही घासली तर जड होते. मग कशाने घासायची? मॅडमनी नवीन अठरा पट्ट्या दिल्या आणि वर्षभराची मुदत. सहा लोखंडाने, सहा लाकडाने, सहांना हात लावायचा नाही. या वेळी मी ते तीनदा सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं. लाकडी खरवडणी लागणार म्हटल्यावर तू पडवीत गेलास, आढ्याची दोरी सोडलीस आणि आपल्या होडीची ती सागवानी फळी खाली घेतलीस. आई दारात येऊन उभी राहिली. तू फळी कापलीस, कडा तासलीस, मूठ घोटलीस आणि माझ्यापुढे धरलीस.

"बघ. तुझ्या बादलीला शेवटी लाकूडच लागला!"

हे भांडण इथेच थांबलंय. पुढची चाल माझी होती.

ते वर्ष तुला जड गेलं ते न घासायच्या सहा पट्ट्यांमुळे. घासायच्या बारांचं तू वेळच्या वेळी केलंस, दादाला खाली उतरवून, वर उभा राहून शिव्या घालत. पण त्या सहा! "बघवत न्हाय गो. आंघोल न केलेल्या पोरावानी दिसतात." एकदा आई म्हणाली की तू ओहोटीला त्यांच्यासमोर नुसता बसून राहतोस. मी घाबरून फोन केला, "बाबा, हात नाही ना लावलास?"

"न्हाय. समजूत काढत व्हतो."

त्यांची की स्वतःची, ते मी विचारलं नाही. होडीचं परत काढलं तर म्हणालास, "या सहा मोड माझ्यासमोर. मोडताना बघतो. मंग बसतो तुझ्या बादलीत." मी म्हटलं, लिहून दे. म्हणालास, "बापाकडून लिहून घेतेस, पदवीधर?"

मुदत संपायला तीन आठवडे होते. सकाळी चहा प्यायलास, आईला म्हणालास आज चहा पाणचट झालाय, आणि गेलास. आई अजून त्याच वाक्यावर अडकली आहे. "शेवटचा बोलला ते पन नाव ठेवून," असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, आणि सांगता सांगता रडते, आणि रडता रडता चहा करते, कडक.

अस्थी न्यायच्या दिवशी मातीचं मडकं माझ्या हातात दिलं. मी काय केलं असेल? बोटाच्या पेराने वाजवून बघितलं. सवयच ती. काका वसकन ओरडला, "काय करतंस गो?"

"चीर आहे का बघते."

आईच पहिली हसली, पदर तोंडाला लावून. "हाय का?" तिने विचारलं. "नाही," मी म्हटलं. "खणखणीत आहे."

आणि बाबा, आता ऐक, रागावू नकोस. खाडीच्या मुखापर्यंत जायला होडी हवी होती. अख्ख्या वाडीत हिंडलो, लाकडाची धड एकही राहिलेली नाही. तुला बादलीतूनच नेलं. पाय ठेवला तेव्हा मी सवयीने तळाकडे बघितलं. कोरडा होता. माझ्या हातांना काही कामच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तुझ्याबरोबर होडीत बसले आणि पाणी उपसलं नाही. मला वाटतं तुलाही करमलं नसेल.

धक्क्यावर तुझ्यावर ओरडले त्याबद्दल मी कधी काही बोलले नाही. नंतर आपण एवढे हसलो की वाटलं, ते गेलं वाहून. गेलं नव्हतं. फोनवर दर वेळी ठेवायच्या आधी मनात यायचं, आणि मी विचारायचे, जेवलास का. तू म्हणायचास, व्हय. तुला काही कळत नाही, असं मी म्हटलं होतं. चोवीस पट्ट्यांतली कुठली कधी घासली हे ज्याला पाठ होतं, त्याला. चुकले, बाबा. हे माझ्यामुळे, आणि चूकही माझीच.

परवा त्या सहा पट्ट्या मोडल्या. मॅडमनी यंत्रासमोर एक खुर्ची रिकामी ठेवायला सांगितली होती. दादाला मी आत आणलं, टेम्पोत झोपू दिलं नाही. आईपण आली. पहिली पट्टी मोडली तेव्हा ती खाली बसली, तुझ्यासारखीच, आणि उठून म्हणाली, "तू हितं जेवतेस?"

लाकडाने घासलेल्या पट्ट्या, हात न लावलेल्या पट्ट्यांइतक्याच ताकदीच्या निघाल्या. लोखंडाच्या पुन्हा लवकर मोडल्या. अहवाल पूर्ण झाला आहे. पहिल्या पानावर दोन नावं आहेत. वर माझं, पदवीसकट. खाली तुझं, आणि त्यापुढे 'नमुन्यांची देखरेख व घासणी'. शेवटच्या पानावर होडीवाल्यांसाठी सूचना आहे, मराठीत, मोठ्या अक्षरात: फायबरची होडी लोखंडाने घासू नये, लाकडाने घासावी. ती छापून आपल्या धक्क्यावर लावली आहे.